ओस्मुंडची एकोणीस इंची चाकं

एका नाताळात ओस्मुंडची विजेची नवी गाडी सिवेर्तच्या शेताकडे जाणाऱ्या चढावर अडकली आणि सिवेर्तने ती ट्रॅक्टरला दोर बांधून वर ओढून नेली. खरी हकीगत एवढीच. पण सिवेर्त हा ओस्मुंडच्या बायकोचा भाऊ. मेव्हण्याच्या हाती अशी हकीगत लागणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच.

ईस्टरला त्याने ती सांगितली तेव्हा ट्रॅक्टर बराच जुना झाला होता. मे महिन्यात एका भाचीच्या समारंभात सांगितली तेव्हा दोर दोन ठिकाणी कुजला होता. आणि ऑगस्टमध्ये, एका लांबच्या काकांना पोचवून आल्यावर सगळे कॉफी पीत बसले असताना, ट्रॅक्टर गोष्टीतून निघूनच गेला आणि त्याच्या जागी घोडी आली. म्हातारी, एका डोळ्याने अधू.

"ओढता ओढता ती सारखी मागे वळून बघत होती," सिवेर्त म्हणाला. "हा कोण एवढा शहाणा माणूस आत बसलाय, म्हणून."

काळ्या कपड्यांतली सगळी माणसं हसली. ज्यांचा नवरा गेला होता त्या काकूसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसल्या. ओस्मुंडने केकचा तुकडा संपवला, बशी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिला.

आता ओस्मुंड हा काही ऐरागैरा नव्हे. ट्रॉन्डहेमच्या नगरपालिकेत तो पाण्याच्या नळांचे नकाशे करतो. जमिनीखालून कुठली नळी कुठे वळते हे कुणालाही जाणून घ्यायचं असलं तर ओस्मुंडला विचारावं लागतं. अशा माणसाला अंत्यविधीच्या जेवणात घोडीने ओढावं, हे काही बरोबर नाही.

परतीच्या वाटेवर तो गाडीत म्हणाला, "या नाताळात तो चढ मी स्वतः चढणार."

"चढ की," हेर्दिस म्हणाली. ती त्याची बायको. एका शाळेत परिचारिका आहे, त्यामुळे पडलेल्या, खरचटलेल्या आणि रुसलेल्या जिवांशी कसं बोलावं हे तिला ठाऊक आहे.

"कुणाच्याही मदतीशिवाय."

"बरं."

"त्यासाठी हिवाळ्याचे योग्य टायर निवडणार. नीट अभ्यास करून."

या वेळी हेर्दिस "बरं" म्हणाली नाही. ओस्मुंडने न्हाणीघराच्या नळाचा अभ्यास केला होता तेव्हा ते दोघं तीन आठवडे शेजारी आंघोळीला जात होते.

खरं सांगायचं तर विषय सोपा आहे, लहान मुलालाही कळेल असा. गाडीचं चाक म्हणजे मधे धातूची चकती आणि भोवती रबर. चाकाचा एकूण घेर ठरलेला असतो, तो बदलता येत नाही. त्यामुळे चकती मोठी घेतली की रबर पातळ उरतं, आणि चकती लहान घेतली की रबर जाड मिळतं. मोठी चकती दिसायला झोकदार. जाड रबर खड्ड्यात आणि बर्फात कामाचं. ओस्मुंडच्या गाडीला दुकानदाराने एकवीस इंची चकत्या दिल्या होत्या, कारण "साहेब, ही गाडी याच चाकांवर शोभते." शोभली. चढाच्या मध्यावर, तिरकी उभी राहून, फार शोभली.

विजेच्या गाडीचं आणखी एक आहे. बॅटरी पोटात घेऊन ती चालते, म्हणून ती मूळचीच जड. आणि थंडीत तिची ताकद लवकर संपते. चकती जेवढी लहान आणि हलकी, तेवढी गाडी एका भरण्यात लांब जाते. ओस्मुंडने हे सगळं वाचलं, त्याचे रंगीत तक्ते केले आणि स्वयंपाकघरात लावले. सप्टेंबरभर हेर्दिस तक्त्याखाली बटाटे सोलत होती.

"माझ्याशी लग्न करताना एवढा विचार केला नव्हतास," ती म्हणाली.

"तेव्हा पर्याय कमी होते," ओस्मुंड तक्त्यात बघत म्हणाला. त्या दिवशी त्याला बटाटे कच्चे मिळाले.

ग्रानबाक्केन ही त्यांची वसाहत. चाळीस बिऱ्हाडं, खाली सगळ्यांचं मिळून एक मोठं गाडीघर. वसाहतीत एरवी कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही. जिन्यात समोरून शेजारी आला तर माणसं किल्ल्या शोधायला लागतात. पण टायर हा विषय निघाला की याच माणसांना वाचा फुटते. पहिला आला इंग्वार. सत्तरी ओलांडलेला, जन्मभर बर्फावरून घसरायच्या स्कीच्या पट्ट्यांना मेण चोळत आलेला माणूस.

"खिळ्यांचे घे," त्याने गाडीच्या टपावर हात टेकून निर्णय दिला. "रबरात लोखंडी खिळे ठोकलेले. बर्फ असो, काचेसारखा गोठलेला रस्ता असो, धरून ठेवतात. बाकी सगळं बायकी."

"त्यावर शहरात कर आहे."

"कर भर. जीव मोठा की कर?"

"तो कर आमचंच ऑफिस घेतं. खिळे रस्ता खरवडतात, धूळ उडते. मी स्वतः त्या परिपत्रकाची भाषा तपासली होती."

"मग स्वतःलाच भर."

ओस्मुंडचं मन जरा खिळ्यांकडे झुकलं. चढ आठवला की झुकायचंच. त्याने तसं बोलून दाखवलं आणि दोन दिवसांत तूरगुनची चिठ्ठी दारात आली. तूरगुन ही वसाहतीच्या मंडळाची अध्यक्ष. चाळीस वर्षं सीमाशुल्क खात्यात नोकरी केल्यामुळे समोरच्या प्रत्येक माणसाने काहीतरी लपवलंय असं गृहीत धरून ती बोलते. गाडीघराच्या जमिनीला उन्हाळ्यात नवा फिकट राखाडी रंग दिला होता, त्यावर खिळ्यांचे टायर चालणार नाहीत, असं त्या चिठ्ठीत होतं.

ओस्मुंड मंडळाच्या बैठकीला गेला. म्हणाला, "माणसाच्या सुरक्षिततेपेक्षा जमिनीचा रंग महत्त्वाचा?"

"माणसं बैठकीला येऊन बोलू शकतात," तूरगुन म्हणाली. "जमीन येत नाही. म्हणून तिची बाजू मी मांडते."

ठराव पास झाला. खिळे गेले.

राहिले बिनखिळ्यांचे. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला चावतात. ओस्मुंडने तक्ता पुन्हा मांडला. एकवीस इंची वाईट, वीस इंची मध्यम, एकोणीस इंची उत्तम. इथे थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण उरलं नसतं. पण अभ्यासू माणसाचा हाच शाप असतो, त्याला नियम सापडला की तो नियमाच्या मागे पळत सुटतो. लहान चाक चांगलं, तर आणखी लहान आणखी चांगलं, असं म्हणून त्याने स्त्योर्दाल गावच्या एका माणसाकडून अठरा इंची जुनी चाकं स्वस्तात उचलून आणली.

रविवारी सकाळी इंग्वार आणि तो गाडीघरात बसले. गाडी उचलली, एक चाक काढलं, नवं लावायला गेले. लागेना. फिरवून पाहिलं, दाबून पाहिलं. चाकाच्या आत ब्रेकचा लोखंडी गठ्ठा असतो, तो चकतीला आतून अडत होता.

"तुझा ब्रेक मोठा आहे," इंग्वार म्हणाला.

"ब्रेक मोठा नाही. चाक लहान आहे."

"तेच म्हणतोय मी."

"तेच नाही. यात फरक आहे."

"असेल. पण लागत नाही, त्यात फरक पडत नाही."

विकणाऱ्याला फोन केला, तर तो हिवाळ्यापुरता स्पेनला गेलेला. तिथे असले प्रश्नच नसतात. चाकं ठेवायची कुठे हा नवा प्रश्न. तळघरातली खोली बर्फावरच्या पट्ट्यांनी भरलेली. गावात टायरांसाठी हॉटेल आहे. लोक आपले टायर तिथे मोसमभर मुक्कामाला ठेवतात, हॉटेलवाले त्यांना धुतात, पुसतात, अंगावर नावाची चिठ्ठी लावतात. पण तिथली सगळी जागा भरलेली होती. दुसऱ्यांचे टायर हॉटेलात आणि ओस्मुंडचे त्याच्या झोपायच्या खोलीत. हेर्दिसने दोन दोन चाकं एकावर एक रचली, वर कशिद्याचं कापड घातलं आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना दिवे ठेवले.

"काढून टाकतो लवकरच," ओस्मुंड म्हणाला.

"राहू दे. पहिल्यांदाच दोन्हीकडे सारखी उंची झालीय."

मग त्याने निमूटपणे एकोणीस इंची मागवली. जर्मनीहून आली. काळ्या चकत्या, पाच आरे, कोरं रबर. सगळं जुळलं, पण टायरावर एक बारीक आकडा असतो, तो टायर किती वजन उचलेल ते सांगणारा. गाडीच्या कागदावर एकशे चार होता. टायरावर होता शंभर. ओस्मुंडने वाहन कार्यालयाला फोन लावला. रांगेत एकतीस माणसं पुढे होती. त्याने तेवढ्यात दाढी केली, अंडं उकडलं, खाल्लं.

"शंभरचा टायर चालेल का?" त्याने विचारलं.

"नाही," पलीकडची मुलगी म्हणाली.

"फरक चारचाच आहे."

"हो, चारचाच आहे."

"मग?"

"मग नाही."

एवढा स्वच्छ सरकारी कारभार ओस्मुंडने स्वतःच्या ऑफिसातही पाहिला नव्हता. त्याला राग येण्याऐवजी आदरच वाटला. चाकं परत जर्मनीला गेली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर एकशे चारची आली. ती त्याने गाडीघराच्या कोपऱ्यात रचली, रोज कामावरून आल्यावर त्यांच्याकडे एक नजर टाकायचा आणि हवा बरोबर आहे का ते पाहायचा. बाळंतीण पाळण्यात डोकावते तसा.

एका मंगळवारी बर्फ पडला.

बर्फ पडणार हे सगळ्यांना माहीत असतं. दर वर्षी पडतो. तरीही पहिला बर्फ पडेपर्यंत टायर न बदलणं आणि पडला की सगळ्यांनी एकाच दिवशी गॅरेजकडे धावणं, हा तिथला जुना रिवाज आहे. ओस्मुंडने फोन केला तेव्हा पहिली मोकळी वेळ दहा जानेवारीची होती. नाताळ त्याच्या दोन आठवडे आधी.

"काय करायचं?" तो हेर्दिसला म्हणाला. "सिवेर्त घोडीला खरारा करत असेल."

पण ग्रानबाक्केनमध्ये तो एकटाच अडकला नव्हता. तूरगुनने दारांवर चिठ्ठ्या लावल्या. शनिवारी सकाळी सगळ्यांनी गाडीघरात जमायचं आणि मिळून सगळ्यांचे टायर बदलायचे. याला तिथे डुग्नाड म्हणतात. कुणी कुंपण रंगवतं, कुणी पानं झाडतं, पैसे कुणी घेत नाही आणि नाही कुणी म्हणू शकत नाही. ओस्मुंडला वाटलं, आता आपल्या अभ्यासाचं चीज होणार. तो शुक्रवारी इस्त्रीचा निळा डगला काढून ठेवून झोपला.

शनिवारी तूरगुनने कामं वाटली. इंग्वारने गाड्या उचलायच्या. दोघांनी नट सोडायचे, दोघांनी आवळायचे, चौघांनी चाकं लोटत न्यायची-आणायची.

"आणि मी?" ओस्मुंड म्हणाला.

"तू वॉफल कर."

"मी?"

"पीठ भिजवलंय. साचा तिकडे आहे."

"तूरगुन, इथे चाकांविषयी थोडंफार जर कुणाला—"

"म्हणूनच. तू चाकांपाशी उभा राहिलास तर एकेका गाडीला पाऊण तास लागेल. परवा तू मला जिन्यात रबराच्या चिरा समजावल्यास. माझं दूध नासलं."

तेव्हा वसाहतीतला टायरांचा एकमेव जाणकार गाडीघराच्या दुसऱ्या टोकाला, निळा डगला घालून, वॉफलच्या साच्यासमोर उभा राहिला. पीठ ओतायचं, जाळीदार गोड घावन भाजायचे, काढायचे, वर मुरांबा नि तपकिरी चीज. तो मनातून फार दुखावला होता आणि पहिले चार वॉफल त्याने मुद्दाम जाळले. पण माणसं पुन्हा पुन्हा येऊन घेऊन गेली, सुन्निवाने तर तीन खाल्ले, तेव्हा हळूहळू त्याचा हात बसला. सुन्निवा ही वसाहतीतलीच, त्या भागातल्या तीन चर्चची धर्मगुरू. चाळिशीची, हसरी, कायम घाईत. हॉटेलातून तिचे टायर आदल्याच दिवशी आले होते.

"तू कुठले निवडलेस?" ओस्मुंडने तिला पीठ ओतता ओतता विचारलं.

"निवडले नाहीत. गाडीबरोबर आले ते."

"आकार?"

"गोल," सुन्निवा म्हणाली आणि चौथा वॉफल घेऊन गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी त्या वसाहतीत विजेच्या सात गाड्या होत्या आणि सातही एकाच कंपनीच्या, एकाच राखाडी रंगाच्या. कुणी कुणाचं पाहून घेतली नव्हती. प्रत्येकाने स्वतंत्र विचार करूनच घेतली होती. सगळ्यांच्या हिवाळी चाकांच्या चकत्या काळ्या. आणि सगळी माणसं शिस्तीची. प्रत्येकाने आपल्या चाकांवर खडूने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. एकही चाक निशाणीवाचून राहिलं नव्हतं. फक्त ते कुणाचं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. आपलं चाक माणूस विसरतो होय?

इंग्वारने एकच गोष्ट कटाक्षाने पाहिली, पुढचं डावं पुढे डावीकडेच लागलंय ना. दुपारपर्यंत सातही गाड्या तयार झाल्या. ओस्मुंड हात धुऊन येईपर्यंत त्याची गाडी खाली उतरली होती आणि नट आवळून झाले होते. त्याने चाकाला एकदा बुटाने टोचलं. चाकाने जसं लागावं तसं लागलं.

डिसेंबरभर तो त्या चाकांवर खूश होता.

"ऐक," तो हेर्दिसला सांगायचा. "काही ऐकू येतं?"

"तुझा आवाज."

"तेच. एकोणीस इंचीचा दुसरा आवाजच नाही. आणि वळणावर बघ, कशी धरते. वीस इंची असती ना, इथेच गेलो असतो शेतात."

एकच गोष्ट त्याला खटकत होती. तक्त्यात लिहिलं होतं त्यापेक्षा गाडी वीज जरा जास्त खात होती. त्याने कारण शोधलं आणि ते हेर्दिसच्या खुर्चीत सापडलं. तिची बसायची जागा गरम करायचं बटण त्याने बंद केलं. पुढचे तीन आठवडे परिचारिकाबाई हातमोजे, कानटोपी आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन शाळेत जात होत्या. तिने वाद घातला नाही. ती म्हणाली, "चढ एकदाचा तो चढ."

चोवीस डिसेंबरला दुपारी ते दोघं निघाले. दरीतून वर जावं तसा बर्फ वाढत गेला. शेताच्या फाट्यावर वळल्यावर समोर तो चढ आला. दोन्ही बाजूंनी भुर्जाची झाडं, मधे घट्ट दाबलेला पांढरा रस्ता आणि बरोबर मध्यावर, जिथे गेल्या वर्षी गाडी तिरकी झाली होती, तिथे कुणीतरी लाल निशाणाची काठी रोवून ठेवली होती. कुणी, ते सांगायला नको.

ओस्मुंडने श्वास धरला. गाडी निघाली. काठीपाशी आली. चाकं एकदा किंचित फिरल्यासारखी झाली, मग त्यांनी बर्फाला दात लावले आणि गाडी काठीशेजारून, सावकाश, एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने ऑफिसात यावं तशी वर गेली.

अंगणात सिवेर्त उभा होता. त्याच्या मागे ट्रॅक्टर धडधडत होता. तो त्याने दुपारच्या जेवणानंतर लगेच तापवायला लावला होता, आणि खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. नवा दोर होता.

"आलास वर?" तो म्हणाला.

"आलो."

"आपला आपण?"

"बघतोयस ना."

सिवेर्तने गाडीकडे पाहिलं, खालच्या रस्त्याकडे पाहिलं. मग मागे वळून त्याने ट्रॅक्टर बंद केला. अंगणात एकदम फार शांतता झाली.

"एकोणीस इंची," ओस्मुंड म्हणाला.

"बरं," सिवेर्त म्हणाला आणि दोर ठेवायला गोठ्याकडे गेला.

जेवायला बसायच्या आधी ओस्मुंड भेटवस्तू आणायला गाडीपाशी गेला. मन भरून आलं होतं. अशा वेळी घोडेस्वार घोड्याची मान थोपटतो. गाडीला मान नसते, म्हणून तो खाली वाकला, पुढच्या चाकावरचा बर्फ हाताने झाडला आणि फोनच्या उजेडात त्याने आपला लाडका आकडा शोधला.

आकडा होता वीस.

त्याने अंगठ्याने घासून पाहिलं. वीसच राहिला. दुसऱ्या चाकापाशी गेला, तिथेही वीस. मग तो बर्फात आडवा झाला आणि फोन चाकाच्या आतल्या बाजूला धरला. तिथे टायरांच्या हॉटेलाची चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर सुन्निवाचं नाव होतं.

तो बराच वेळ तसाच पडून राहिला. आधी वाटलं ते असं, की धर्मगुरूंची चाकं आपण पळवली. मग वाटलं, म्हणजे हेर्दिस निष्कारण थंडीत कुडकुडली. आणि मग सगळ्यात वाईट ते वाटलं. सगळे तक्ते, परिपत्रकं, जर्मनीच्या दोन वाऱ्या, वाहन कार्यालयातली ती मुलगी, आणि चढ चढला कोण? गाडीबरोबर आले ते.

पण अजून कुणाला कळलं नव्हतं. नव्या वर्षात गुपचूप चाकं बदलली की झालं. गाडी वर आली होती हे खरं होतं आणि ट्रॅक्टर बंद झाला होता हेही खरं होतं. ओस्मुंडने गुडघे झाडले, भेटवस्तू उचलल्या आणि आत गेला.

टेबलावर डुकराच्या बरगड्या होत्या, वरची साल खरपूस फुललेली, आंबट कोबी होता, बटाटे होते. टोकाला आजी बसल्या होत्या, सिवेर्त नि हेर्दिसच्या आई, नव्वदीच्या. त्यांना घरातले सगळे आजीच म्हणतात. सगळे जेवत होते. काट्या-सुऱ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"आजोबा, घोडीची गोष्ट सांग ना," सिवेर्तची नात म्हणाली.

"घोडी निवृत्त झाली," सिवेर्त बटाट्याकडे बघत म्हणाला.

"का?"

"हा आपला आपण आला."

पोरीने ओस्मुंडकडे असं पाहिलं की जणू त्याने घोडी मारून खाल्ली होती. आजींनी कोबी वाढून घेतला. मग विचारलं, "मग यंदा काय, रेडिओ लावायचा का?"

ओस्मुंडने सिवेर्तकडे पाहिलं. एवढा आडदांड माणूस, पण खांदे पडले होते. वर्षभर हा माणूस लग्नाकार्यात, मयतात, सगळीकडे लोकांना हसवत हिंडला होता, आणि आज स्वतःच्या घरात, नाताळात, त्याच्यापाशी सांगायला काही उरलं नव्हतं. ओस्मुंडला वाटलं होतं की आपण जिंकलो की आपल्याला भूक लागेल. ती लागली नव्हती.

त्याने सुरी खाली ठेवली.

"सिवेर्त," तो म्हणाला, "विजेरी घे. बाहेर जा. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाच्या आत बघ."

"काय आहे?"

"बघ तर."

सिवेर्त गेला. हेर्दिसने नवऱ्याकडे पाहिलं. तो बरगडी कापत होता. थोड्या वेळाने अंगणातून एक आवाज आला. पहिल्यांदा आजींना वाटलं गाय व्यायली. मग दार उघडलं आणि सिवेर्त आत आला, मिशांना बर्फ, डोळ्यांतून पाणी.

"धर्मगुरूंची?" त्याला बोलता येईना. "तू नाताळात धर्मगुरूंची चाकं चोरलीस?"

"चोरली नाहीत. मी वॉफल करत होतो."

"थांब," सिवेर्त खुर्ची ओढत म्हणाला. "काहीही गाळू नकोस. पहिल्यापासून सांग."

ओस्मुंडने सांगितलं. जमिनीची बाजू मांडणारी तूरगुन सांगितली, पलंगाशेजारचे दिवे सांगितले, खडूची अक्षरं सांगितली. वॉफलपाशी आला तेव्हा आजींनी काटा खाली ठेवला. हेर्दिसच्या खुर्चीचं बटण मात्र तो गाळणार होता, पण ते हेर्दिसने सांगितलं, कानटोपीसकट. आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. ओस्मुंडच्या ध्यानात आलं की आपण हे बरं सांगतो आहोत. त्याला भूकही लागली. त्याने तीन वेळा कोबी घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुन्निवाची चर्च आटोपली असतील अशा बेताने, त्याने तिला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव, असा सिवेर्तचा हट्ट होता, म्हणून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला होता. ओस्मुंडने घसा साफ करून सगळं कबूल केलं.

"म्हणजे मी तुझ्या चाकांवर हिंडतेय?" सुन्निवा म्हणाली.

"हो. माफ कर."

"अरे, माफी काय मागतोस. वरच्या चर्चचं ते वळण माहितीये ना तुला? दर वर्षी माझी गाडी तिथे घसरते. दर वर्षी ढकलायला माणसं बोलवावी लागतात. काल तिन्ही चर्चना गेले, एकदासुद्धा घसरले नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आज सकाळी प्रवचनात सगळ्यांना सांगितलं मी. म्हटलं, यालाच कृपा म्हणतात. आपण तिच्यासाठी काही केलेलं नसतं, कुणी काही मोजलेलं नसतं, ती आपोआप खाली येते."

सिवेर्तने तोंडात भांडी पुसायचं फडकं कोंबलं होतं. ओस्मुंडचा चेहरा हळूहळू लाल होत होता. एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत जात होतं.

"ओस्मुंड? आहेस ना?"

"आहे."

"रागावला नाहीस ना?"

"नाही, नाही," ओस्मुंड म्हणाला. "बरोबर बोललीस तू. कृपाच ती. शुभ नाताळ."

फोन बंद झाला.

"बोलून टाक," हेर्दिस म्हणाली. "मनात ठेवू नकोस, पोटात दुखेल."

"कृपा तर कृपा," ओस्मुंड म्हणाला. "पण तिच्यात हवा मी भरली होती."

पुढच्या ईस्टरला सिवेर्तने ही गोष्ट सांगितली तेव्हा वसाहतीतल्या सात गाड्यांच्या सतरा झाल्या होत्या, सुन्निवा बिशप झाली होती आणि ओस्मुंडने चारशे वॉफल भाजले होते. शेवटचं वाक्य मात्र त्याने होतं तसंच ठेवलं. त्यात घालायला त्याला काही सापडलं नाही.